वाचकांचे प्रश्न : नर्सरीतून घरी आलेला निवडुंग

मागील अंकात या सदरात निवडुंगाविषयी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहता हा विषय असा वाटेत उरकण्यासारखा नव्हता, हे मान्य करावे लागते. बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे : "याला काही लागत नाही" असे सांगून दिलेले झाड घरातल्या इतर सगळ्या झाडांच्या आधी गेले. पावसाळा आता तोंडावर आला आहे आणि आपल्याकडे निवडुंग दगावण्याचा तोच हंगाम असल्यामुळे या महिन्याचे सदर संपूर्णपणे त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलीने वाढदिवसाला मला छोट्या चिनी मातीच्या कुंड्यांतील तीन कॅक्टस आणून दिले. त्यांपैकी एकाच्या डोक्यावर पिवळे फूल असून दोन महिने झाले तरी ते कोमेजलेले नाही. दुकानदाराने "आठवड्याला दोन चमचे पाणी" असे सांगितले होते आणि मी ते काटेकोरपणे पाळले. तरीही एक झाड बुडाशी मऊ पडून कलले. माझे काय चुकले? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आधी फुलाविषयी. ते त्या झाडाचे नाही. कागदासारख्या पाकळ्यांची ती वाळलेली फुले असतात आणि गरम गोंदाने ती कॅक्टसच्या डोक्यावर चिकटवलेली असतात. हवेत दमटपणा वाढला की ती मिटतात आणि हवा कोरडी झाली की पुन्हा उघडतात, त्यामुळे घेणाऱ्याला ती जिवंत वाटतात. प्रत्यक्षात पावसाळ्यात लाकडी दरवाजा फुगावा आणि उन्हाळ्यात मोकळा व्हावा, तसाच तो प्रकार आहे. खरे फूल काही जातींत एका रात्रीत, तर काहींत चार-सहा दिवसांत मान टाकते आणि त्याची पाकळी बोटांत धरली की ओलसर लागते. चिकटवलेले फूल ओढून काढू नये, कारण गोंदाबरोबर झाडाची सालही निघते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. फुलाचा भाग कात्रीने कापावा व गोंद तसाच राहू द्यावा. झाड वाढू लागले की तो हळूहळू बाजूला सरकतो, मात्र तेथे डाग राहतो.

आता चमच्यांविषयी. हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. कुंडीला भोक असेल तर दोन चमचे पाणी वरच्या बोटभर मातीतच जिरते आणि खालची मुळे कोरडीच राहतात. भोक नसेल तर तेच पाणी आठवड्यामागून आठवडे बुडाशी साचत जाते. आपल्या चिनी मातीच्या कुंड्यांना भोक नसावे, असा माझा अंदाज आहे. कॅक्टसला पाणी द्यायचे ते पोटभर, कुंडीच्या भोकातून वाहून जाईपर्यंत द्यावे आणि त्यानंतर माती तळापर्यंत कोरडी होईपर्यंत पुन्हा देऊ नये. ती कोरडी झाली की नाही, हे वरून दिसत नाही. उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसावी, पाच मिनिटांनी काढून बघावी. काडी गार लागली किंवा तिला माती चिकटून आली, तर पाणी नको. कुंडीत तळाशी खडे घातले की भोक नसले तरी चालते, असेही सांगितले जाते, परंतु बारीक मातीतले पाणी ती पूर्ण भिजल्याखेरीज खालच्या मोकळ्या खड्यांत उतरतच नाही. खड्यांच्या थरामुळे ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते, एवढाच त्याचा परिणाम.

दोष सर्वस्वी आपला नाही, हेही सांगितले पाहिजे. दुकानात ही झाडे बहुधा मनी प्लांट, फर्न यांच्या शेजारी ठेवलेली असतात आणि पाणी मारणारा माणूस सर्वांवर सारखीच नळी फिरवतो. कॅक्टस आतून सडू लागला तरी अंगातल्या साठ्यावर तो महिना-दीड महिना ताठ उभा राहतो, त्यामुळे दुकानात सुरू झालेली सड आपल्या घरी उघडकीस येते. उरलेली दोन झाडे आजच कुंडीतून काढा. कललेल्या झाडाचा वरचा भाग अजून टणक असेल तर स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने मऊ भागाच्या वर आडवा काप घ्या. कापलेल्या तोंडावर मधोमध तपकिरी किंवा नारिंगी ठिपका दिसला, तर सड तेथपर्यंत पोहोचली आहे असे समजावे आणि आणखी एक चकती उतरवावी; प्रत्येक वेळी सुरी पुन्हा पुसावी. काप संपूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरा दिसला की त्याला गंधकाची भुकटी लावून तो तुकडा सावलीत, हवेशीर जागी दहा-बारा दिवस नुसता ठेवावा. तोंडावर कोरडी खपली धरल्यावर तो कोरड्या रेताड मिश्रणावर टेकवून उभा करावा आणि मुळे फुटेपर्यंत पाण्याची घाई करू नये.

प्रश्न : नर्सरीत एकाच जातीची पन्नास झाडे मांडलेली असतात. त्यांतले चांगले कोणते, हे कसे ओळखावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण सगळेच झाडाकडे वरून बघतो आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. निवडुंग मात्र खालून बघायचा असतो.

कुंडी उचलून डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि खोड मातीत जाते तेथे नजर ठेवावी. वय झालेल्या निवडुंगाचा तेथील भाग खाकी, सालीसारखा आणि कडक झालेला असतो. तो म्हातारपणाचा रंग आहे, त्याला घाबरू नये. तोच भाग ओलसर, काळपट, किंचित चमकणारा दिसला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबल्यावर आत गेला, तर झाड परत ठेवावे. त्यानंतर कुंडी हळूच कलती करून झाड हलते का ते पाहावे. मुळे धरलेले झाड कुंडीसकट हलते. नुकतेच खोचून ठेवलेले झाड एकटेच डुलते. काही ठिकाणी वरचे शोभेचे खडे गोंदाने एकमेकांना चिकटवून त्यांची पापडी केलेली असते. त्यामुळे बिनमुळांचे झाडही घट्ट उभे राहते आणि मातीही दिसत नाही. असे खडे दिसले तर एक खडा नखाने उचकून पाहायला संकोच करू नये.

मग कुंडी उलटी करून तळाचे भोक पाहावे. तेथे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता असते. पर्लाइट, म्हणजे निचऱ्यासाठी मिश्रणात घालतात ते हलके खनिज, त्याचे पांढरे कणही तसेच दिसतात, परंतु ते चिमटीत कचकचतात. ढेकूण चिरडून चिकट होतात. एका कुंडीत असले की शेजारच्या दहा कुंड्यांत असतातच, म्हणून तो सबंध ट्रे सोडून द्यावा. सर्वांत शेवटी वर बघावे. मधोमध ताजी लोकर आणि खालच्या काट्यांपेक्षा उजळ रंगाचे नवे काटे दिसले, तर झाड वाढते आहे. टोकाशी गंज चढल्यासारखा तांबूस थर असेल, तर तो लाल कोळ्यांचा उपद्रव असतो. गोल जातीचे झाड वरच्या बाजूला निमुळते, फिकट झाले असेल, तर ते अंधारात ताणले गेले आहे. पुढे कितीही ऊन दिले तरी तो निमुळता भाग परत गोल होत नाही.

निळे, गुलाबी, सोनेरी रंग फासलेले निवडुंग घेऊच नयेत. रंगाखाली हिरव्या अंगाला प्रकाश मिळत नाही आणि असे झाड जगले तर ते रंगामुळे नव्हे, रंग पुरेसा न लागल्यामुळे जगते.

हे सारे शहाणपण मला एका गोल्डन बॅरलने शिकवले. महामार्गालगतच्या एका नर्सरीतून कलिंगडाएवढा, सोनेरी काट्यांचा तो गोळा मी मोठ्या हौसेने आणला, गाडीत त्याला पुढची सीट दिली, आणि घरी कुंडी बदलायला काढला तेव्हा त्याच्या बुडाला एकही मूळ नव्हते. दुसरीकडून उपटून तो दोन-चार दिवसांपूर्वीच कुंडीत बसवलेला होता. तो वाचला, परंतु मुळे धरायला त्याने आठ महिने घेतले. तेव्हापासून मी मोठ्या झाडाच्या वाटेला जात नाही. हाच गोल्डन बॅरल मेक्सिकोतील मूळ जागी आज दुर्मीळ झाला आहे, आपल्याकडे मात्र बियांपासून केलेली त्याची लिंबाएवढी रोपे सहज मिळतात. सुरुवात अशा रोपापासून किंवा मॅमिलारिया या छोट्या निवडुंगापासून करावी. खरेदीचा काळ म्हणजे दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन त्या दृष्टीने अगदी योग्य वेळी येते. मे महिन्याच्या अखेरीस घेतलेले झाड नव्या जागेत रुळायच्या आतच पावसाला तोंड देते.

प्रश्न : लाल चेंडूचा कॅक्टस वर्षभर चांगला होता, आता खालचा हिरवा दांडा पिवळा पडतो आहे. आमच्या शेतात ड्रॅगन फ्रूट आहे आणि तो दांडा मला त्याच्यासारखाच दिसतो. हा भास आहे का? (एक शेतकरी वाचक, जत, जि. सांगली)

उत्तर : भास नाही, आपली नजर पक्की आहे. तो दांडा ड्रॅगन फ्रूटचाच असतो. वरचा लाल किंवा पिवळा चेंडू हा जिम्नोकॅलिशियम या निवडुंगाचा हरितद्रव्य नसलेला प्रकार आहे. १९४०च्या दशकात जपानमध्ये अशी रोपे प्रथम कलमांवर वाढवली गेली आणि पुढे कोरियाने त्यांचा मोठा निर्यात-व्यवसाय उभा केला. हरितद्रव्य नसल्यामुळे त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, म्हणून तो जन्मभर खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम केले त्या खालच्या दांड्याच्या, जिवावर जगतो. खुंट आणि चेंडू यांची वाढ सारख्या वेगाने होत नाही, शिवाय त्यांच्या गरजाही वेगळ्या असतात : ड्रॅगन फ्रूटला पाणी आणि ऊब लागते, तर चेंडूला तीव्र ऊन सोसत नाही. त्यामुळे दोन-चार वर्षांत ही जोडी बहुधा विस्कटते.

आपल्याला तर खुंट घरचाच उपलब्ध आहे. ड्रॅगन फ्रूटचा वीतभर, निरोगी तुकडा मुळे धरू द्यावा आणि मग त्याचा शेंडा आडवा कापावा. तीनही कडा थोड्या उतरत्या तासाव्यात, चेंडूचे एखादे पिल्लू बुडाशी स्वच्छ कापून त्यावर ठेवावे. दोन्ही कापांच्या मधोमध जे बारीक वर्तुळ दिसते, ती दोन वर्तुळे एकमेकांना कोठे तरी छेदली पाहिजेत, नेमके मध्यावर मध्य बसवायची गरज नाही. वरून रबर लावून कुंडीसह आवळावे आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. पावसाळ्यात हे करू नये. द्राक्षाची कलमे भरणाऱ्या आपल्या भागात हे काम शिकवायला माणूस शोधावा लागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळी काळी माती. तीत वाळू मिसळून कॅक्टस लावला तर चालेल का? (एक वाचिका, परभणी)

उत्तर : चालणार नाही. काळी माती पाणी धरून फुगते आणि सुकताना भेगाळत मुळे तोडते. तीत बारीक वाळू मिसळली की मिश्रण अधिकच घट्ट बसते. दोन भाग जाड माल आणि एक भाग माती-खत, हे प्रमाण ठेवावे. जाड माल म्हणजे चाळून धूळ काढलेला मुरूम, हरभऱ्याच्या दाण्याएवढे विटांचे तुकडे किंवा पर्लाइट, जे हाताशी असेल ते. समुद्राची वाळू क्षारांमुळे वर्ज्य. माती लाल असावी, खत पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असावे आणि कुंडीमागे एक चमचा निंबोळी पेंड मिसळावी.

नर्सरीतून आलेले झाड बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात असते. नर्सरीवाल्याच्या दृष्टीने ते हलके आणि स्वस्त असते, घरी मात्र ते एकदा भिजले की आठवडाभर ओले राहते आणि एकदा ठणठणीत वाळले की पाणी आत घेत नाही, कडेने सोडून देते. म्हणून आणल्यावर आठवडाभर झाडाला पाणी देऊ नये, नंतर ते काढून मुळांभोवतीचा कोकोपीट हलक्या हाताने झाडावा आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावून आणखी आठवड्याने पहिले पाणी द्यावे. वर्तमानपत्राची लांब घडी पट्ट्यासारखी झाडाभोवती गुंडाळून तिची दोन टोके धरली की काट्यांचा त्रास होत नाही. कुंडी मातीची आणि झाडापेक्षा बोटभरच रुंद घ्यावी.

प्रश्न : कॅक्टस वाळवंटातला म्हणून मी तो आणल्या दिवशी गच्चीवर भर उन्हात ठेवला. चार दिवसांत त्याची एक बाजू पांढरी पडून आता खाकी झाली आहे. वाळवंटातल्या झाडाला ऊन कसे लागते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपला कॅक्टस वाळवंटात कधी गेलेलाच नाही. तो शेडनेटखाली, निम्म्या उन्हात जन्मला आणि वाढला, आणि एका दिवसात त्याला ४५ अंशांच्या गच्चीवर नेऊन बसवले. भाजलेली साल बरी होत नाही, परंतु डाग कडक आणि कोरडा असेल तर झाडाला धोका नाही. डाग भिंतीकडे फिरवून ठेवावा. यापुढे नवे झाड पहिल्या आठवड्यात फक्त सकाळी नऊपर्यंतच्या उन्हात ठेवावे, पुढे दोन-तीन आठवड्यांत ती वेळ वाढवावी. विदर्भात एप्रिल-मेमध्ये जुन्या झाडांवरही हिरवी जाळी असलेली बरी.

उन्हाळ्यात पाणी वाढवण्याचा मोहही आवरावा लागतो. निवडुंग आपली श्वसनरंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्रीही हवा तापलेलीच राहिली, की पुष्कळ जाती वाढ थांबवून स्वस्थ बसतात आणि तेव्हा दिलेले पाणी मुळांपाशी नुसते पडून राहते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ते अक्षरशः उकडते. पाणी दिवस मावळल्यावर, कुंडी हाताला गार लागू लागली की द्यावे, आणि ती छोटी काळी कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवावी.

प्रश्न : गोव्यात चार महिने पाऊस. दर वर्षी दहांतली चार झाडे जातात. काही उपाय आहे का, की हा नाद सोडावा? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाद सोडू नये, जागा बदलावी. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात निवडुंग उघड्यावर ठेवायचा म्हणजे त्याच्या नशिबावर सोडून देणे होय. मे संपण्यापूर्वी सर्व कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली आणाव्यात, कारण त्यांना पावसापासून आडोसा हवा, प्रकाशापासून नव्हे. घरात कोपऱ्यात नेऊन ठेवलेली झाडे पावसातून वाचतात आणि अंधारात ताणून खराब होतात. पत्र्याच्या बाजू मोकळ्या असाव्यात. दमट हवेपेक्षा कोंडलेली दमट हवा अधिक घातक असते, त्यामुळे कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत आणि जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा विटांवर ठेवाव्यात, म्हणजे तळाची भोके मोकळी राहतील. कोकणात आणि गोव्यात मिश्रणातील जाड मालाचे प्रमाण तीनास एक करावे.

जून ते सप्टेंबर पाणी जवळजवळ बंदच असते. झाड सुरकुतले तर एखाद्या वाऱ्याच्या, उघडिपीच्या सकाळी थोडे द्यावे. हल्ली पावसाआधी बुरशीनाशकाची फवारणी करून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात. निचरा नसलेल्या कुंडीला कोणतेही औषध वाचवत नाही आणि निचरा असलेल्या कुंडीला ते क्वचितच लागते, असा माझा अनुभव आहे.

पाऊस गेल्यावर एक शेवटचा धोका उरतो. चार महिने ढगाखाली मवाळ झालेल्या झाडांवर ऑक्टोबरचे ऊन एकदम पडते आणि पावसातून वाचलेले झाड दिवाळीआधी भाजते. नागपूरच्या वाचकांना सांगितलेली चढत्या उन्हाची सवय तेव्हाही पुन्हा लावावी लागते.

प्रश्न : आमच्या ब्रह्मकमळाला पाच वर्षांत फूल नाही. कोणी म्हणाले की तो कॅक्टस आहे, म्हणून आम्ही त्याचे पाणी तोडले व उन्हात ठेवला, तर पानेच पिवळी पडली. (एक दांपत्य, कोल्हापूर)

उत्तर : सांगणाऱ्याचे म्हणणे खरे होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. आपण घराघरांत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, तो मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा निवडुंग आहे, एपिफायलम. हिमालयात उंचावर फुलणारे, उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ वेगळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि आपल्या गॅलरीत ते येणे शक्य नाही. अर्थात, रात्री दहाला शेजाऱ्यांना बोलावून, उदबत्ती लावून ज्या फुलाची वाट पाहिली जाते, त्याचे नाव आता कोणी बदलू म्हटले तरी बदलणार नाही, आणि बदलूही नये.

जंगलातला निवडुंग असल्यामुळे त्याला झिरपणारा प्रकाश, पालापाचोळ्याचे मोकळे खत आणि वाळवंटी जातींपेक्षा अधिक पाणी लागते. पूर्वेकडचे कोवळे ऊन त्याला मानवते, दुपारचे नाही. ज्यांना आपण पाने म्हणतो ते चपटे खोड आहे आणि कळ्या त्याच्या कडेच्या खाचांतून फुटतात, म्हणून पसारा वाढला म्हणून त्याचे जुने, लांब फाटे छाटून टाकू नयेत. फूल न येण्याची नेहमीची कारणे दोन : फार मोठी कुंडी आणि नत्राचा मारा. कुंडी लहानच ठेवावी, मुळे थोडी दाटली तरी हरकत नाही, आणि फेब्रुवारीपासून युरियासारखे खत पूर्ण बंद करावे. रात्रभर दिवा जळणाऱ्या जागेतून ते हलवूनही पाहावे.

प्रश्न : नर्सरीतून 'कॅक्टस' म्हणून आणलेल्या झाडाची फांदी तुटली, तर पांढरा चीक आला आणि तो डोळ्यात जाऊन फार आग झाली. हे विषारी आहे का? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : डोळ्यात चीक गेला तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, त्यात दिरंगाई नको. आपले झाड कॅक्टस नाही, ते युफोर्बिया आहे. आपल्या रानातले त्रिधारी निवडुंग आणि शेर हे याच कुळातले. मराठीत 'निवडुंग' हा शब्द दोघांनाही लागतो, त्यामुळे घोटाळा होतो, आणि खरे पाहता शब्दावर पहिला हक्क युफोर्बियाचा आहे, कारण काटेरी कॅक्टस हे सारे मूळचे अमेरिका खंडातले असून आपल्याकडे नंतर आले.

ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीच्या किंवा मखमलीच्या एका छोट्या गादीतून निघतात आणि खोड तुटल्यावर बहुतेक जातींत पाण्यासारखा रस येतो. युफोर्बियाला ती गादी नसते, काटे सहसा जोडीजोडीने असतात आणि चीक दुधासारखा पांढरा असतो. आपल्या बांधाबांधांवर दिसणारा फड्या निवडुंग मात्र अस्सल कॅक्टस आहे. त्यावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील किड्यापासून लाल रंग काढण्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा मनसुबा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे आणले गेले, परंतु ते हलक्या जातीचे निघाले. रंग फारसा मिळाला नाही आणि फड्या निवडुंगाची एक जात तेवढी त्यांनी फस्त केली. कुंडीतल्या पिठ्या ढेकणांचे हे किडे जवळचे नातलग. आपल्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसला आणि तो चिरडल्यावर बोट लालभडक झाले, तर तो कोचिनील समजावा. ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने तो घासून काढता येतो.

प्रश्न : कॉम्प्युटरजवळ कॅक्टस ठेवला की तो किरणे शोषून घेतो, असे म्हणतात, उलट सासूबाई म्हणतात की घरात काटेरी झाड नको. कोणाचे ऐकू? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर : सासूबाईंचे ऐकावे आणि झाड खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवावे. कॉम्प्युटरच्या किरणांचे त्याला काही करता येत नाही आणि टेबलावर त्याला ऊन मिळत नाही.

प्रश्न : बँकॉकला सहलीला जात आहोत. तेथे कॅक्टस फार स्वस्त असतात म्हणे. चार-पाच छोटे बॅगेत घालून आणले तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आणू नयेत. परदेशातून जिवंत रोप आणायला भारताचा आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. शिवाय जवळजवळ सबंध कॅक्टस कुळ वन्यजीव व्यापारावरील साइट्स कराराखाली येते, त्यामुळे बहुतेक जातींना त्याचीही कागदपत्रे लागतात. विमानतळावर झाडे जप्त होतात, आणि न झाली तरी मुळांबरोबर कोणती कीड येते ते आपल्याला दिसत नाही. हौस असेल तर कालिम्पाँगच्या नर्सऱ्यांतून हिवाळ्यात रोपे मागवावीत. कागदात गुंडाळलेली, माती नसलेली रोपे पाहून दचकू नये, प्रवासाला ती तशीच बरी.

प्रश्न : सशाच्या कानांसारख्या दिसणाऱ्या कॅक्टसला नातवाने हात लावला. काटे दिसत नाहीत, पण बोटे टोचतात. (एक आजोबा, जळगाव)

उत्तर : त्या मखमली ठिपक्यांत केसाहून बारीक, उलट्या दातांचे शेकडो काटे असतात. हात चोळू नये, पाण्याखाली धरून घासूही नये, त्याने ते अधिक रुततात. चिकटपट्टी बोटावर दाबून, काटे शिरले त्याच्या उलट दिशेने सावकाश ओढावी. दर वेळी नवा तुकडा घ्यावा. उरलेले काटे भिंगाखाली चिमट्याने निघतात. लाली किंवा सूज दोन दिवसांत उतरली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. तोपर्यंत नातवाला ते बोट डोळ्याला किंवा तोंडाला लावू देऊ नये, वापरलेल्या चिकटपट्ट्या आतल्या बाजूला घडी घालूनच कचऱ्यात टाकाव्यात, आणि ती कुंडी त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.